कारणाचा रकाना

"काका, कटर आणलाय. दोन मिनिटांचं काम आहे. तुम्ही फक्त सही करा."

धाकटे साहेब परमिट ऑफिसच्या दारात उभे होते. हातात कुलूप कापायचा लांब दांड्यांचा कटर होता, आणि तो धरायची सवय नसल्यामुळे त्यांनी तो तान्ह्या मुलासारखा कवेत घेतला होता.

"फॉर्म झाल्याशिवाय कुलूप कापता येत नाही," परमिट क्लार्क म्हणाला.

"मग भरा की फॉर्म."

"भरतोय. कारणाच्या रकान्यापाशी अडलोय."

"त्यात काय अडायचंय? माणूस गेला, काका. परवा पंपापाशीच कोसळला, हॉस्पिटलात पोचेपर्यंत गेला. सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना असेल. फॉर्मला माहीत नाही."

फॉर्मला खरोखरच माहीत नव्हते. पंपिंग स्टेशनचा नियम असा, की पंपावर काम करण्याआधी फिटरने परमिट, म्हणजे कामाची लेखी परवानगी, घ्यायची, त्या पंपाच्या स्विचला स्वतःचे लाल कुलूप घालायचे, किल्ली खिशात ठेवायची, आणि काम संपल्यावर ते स्वतःच काढायचे. दुसऱ्या कोणी, अगदी मुख्य अभियंत्यानेसुद्धा, त्या कुलपाला हात लावायचा नाही. कुलूपवाला हजर नसेल तर एलआरएफ नावाचा फॉर्म. त्या फॉर्ममध्ये 'कुलूपधारक हजर नसण्याचे कारण' असा रकाना, आणि त्यात दोन अक्षरे मावतील एवढीच जागा. एसओ म्हणजे पाळी संपली. ओएल म्हणजे रजेवर. टीआर म्हणजे बदली झाली. एनआर म्हणजे संपर्क होत नाही. कारणे संपली. माणसाला यापलीकडे कुठे जाता येते हे फॉर्म करणाऱ्याला सुचले नव्हते.

पूर्वी खाली 'इतर' अशी एक ओळ होती. पण लोक आळसाने प्रत्येक वेळी 'इतर'वरच खूण करतात असे लक्षात आल्यावर सात वर्षांपूर्वी ती ओळ काढून टाकण्यात आली. तसा प्रस्ताव परमिट क्लार्कनेच पाठवला होता. त्याबद्दल त्याला प्रशस्तिपत्रही मिळाले होते, आणि ते त्याच्या डोक्यामागच्या भिंतीवर टांगलेले होते.

"एनआर टाका," धाकटे साहेब म्हणाले. "संपर्क होत नाही. खोटं नाहीये."

"एनआर टाकायचा तर तीनदा फोन लावावा लागतो. दहा-दहा मिनिटांच्या अंतरानं. वेळ लिहून."

"कुणाला फोन?"

"कुलूपधारकाला."

धाकट्या साहेबांनी कटर भिंतीला टेकवून ठेवला. सव्वीस वर्षांचा मुलगा. वाईट नव्हता. वरच्या वस्तीला तीन दिवस पाणी चढत नव्हते आणि तिथल्या लोकांचे फोन त्यालाच येत होते. "अर्ध्या तासानं येतो," एवढे बोलून तो जिना उतरला. सेहेचाळीस पायऱ्या. पावलांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

परमिट क्लार्कला स्टेशनात सगळे 'फुलफॉर्म' म्हणत. कोणीही काहीही लघुरूप तोंडातून काढले की तो चष्मा कपाळावर चढवून विचारायचा, "फुलफॉर्म काय?" समोरच्याला तो सांगता आला नाही, तर त्या दिवशी त्याचे काम होत नसे. स्टेशनातल्या एकूण चारशे बारा लघुरूपांची यादी त्याने केली होती. यादीत नसलेले लघुरूप वापरायचे नाही, आणि यादीत असलेल्या गोष्टीचे पूर्ण नाव लिहायचे नाही. मध्यंतरी वरच्या कार्यालयाला वाटले की ही अक्षरे फार झाली, म्हणून ती कमी करायला समिती नेमली गेली. समितीने सहा महिन्यांत नऊ लघुरूपे कमी केली आणि चौदा वाढवली. वाढलेल्यांपैकी पहिले समितीचे स्वतःचे होते.

या यादीला स्टेशनात एकच माणूस आडवा जायचा. फिटर. परवा गेला तो हाच. त्याचे टोपणनाव 'बावीस'. मागच्या खिशात कायम बावीस नंबरचा पाना, आणि तो पाना खुर्चीत टोचतो म्हणून हा माणूस एकतीस वर्षे खुर्चीत सरळ असा कधी बसलाच नाही. बावीसला लघुरूपांचा मनस्वी कंटाळा. कुलपासोबत जी पाटी अडकवायची, तिच्यावर यादीप्रमाणे 'एमडब्ल्यू' एवढेच लिहायचे असे. माणूस काम करतो आहे, असा त्याचा अर्थ. बावीस पुढच्या बाजूला निमूटपणे ती अक्षरे लिहायचा आणि पाटी उलटून मागे सबंध वाक्य लिहायचा.

"अरे, मागे कोण वाचणार आहे?" फुलफॉर्म चिडायचा.

"ज्याला पुढचं कळत नाही तो," बावीस म्हणायचा. "तुझी अक्षरं वाचून माणूस विचार करत बसतो. माझं वाचून हात मागे घेतो."

यादी कशी सुरू झाली हे मात्र दोघांनाच ठाऊक होते. एकोणीस वर्षांपूर्वी स्टेशनात दोन पंपघरे होती, जुने आणि नवे, आणि दोन्हीकडे तीन नंबरचा पंप होता. फुलफॉर्मने परमिटवर 'पंप तीन' असे लिहिले. बंद झाला नव्या घरातला तीन. बावीस होता जुन्या घरातल्या तीनमध्ये. डाव्या हाताची दोन बोटे गेली. दवाखान्याच्या व्हरांड्यात बावीस पट्टी बांधलेला हात वर धरून बसला होता आणि शेजारी फुलफॉर्म हमसून हमसून रडत होता. "तू का रडतोस?" बावीस म्हणाला होता. "मोजून दोन गेलीत. आठ आहेत की."

त्या आठवड्यात फुलफॉर्मने यादी करायला घेतली. जुन्या घरातला पंप 'पी-३', नव्या घरातला 'पी-०३'. त्या एका शून्यावर माणसाचा जीव आहे, असे तो नव्या माणसाला बजावून सांगायचा. पुढे अकरा वर्षांपूर्वी जुने पंपघर पाडले. तिथे आता साहेब लोकांच्या गाड्या उभ्या राहतात. पी-३ नावाचे यंत्र पृथ्वीवर उरले नाही. शून्य मात्र राहिले.

दहा वाजून पाच मिनिटांनी फुलफॉर्मने टेबलावरचा फोन उचलला आणि बावीसचा नंबर फिरवला.

फोन वाजला. रिसीव्हरमध्ये वाजला आणि दाराबाहेरही वाजला. पंपघरात मोबाइल न्यायचा नाही, म्हणून परमिट ऑफिसच्या बाहेर लाकडी कप्पे केले होते. परमिट घेणारा आपला मोबाइल तिथे ठेवून खाली जायचा. परवा बावीसने ठेवलेला मोबाइल तिथेच होता. जुना, बटणांचा, एकदा चार्ज केला की आठवडाभर चालणारा. फुलफॉर्मने तो पूर्ण वाजू दिला. मग लिहिले: पहिला प्रयत्न, १०.०५, उत्तर नाही.

परवा याच वेळेला बावीस पहिल्यांदा वर आला होता. परमिटच्या फॉर्मवर त्याने लिहिले होते, 'नवीन घरातला तीन नंबरचा पंप.' फुलफॉर्मने तो नुसता परत सरकवला होता. "कोड."

"अरे, घर एकच उरलंय. नवीन काय, जुनं काय!"

"कोड."

कोरे फॉर्म खाली स्टोअरमध्ये मिळत. वर ठेवले तर लोक उगाच नासाडी करतात, हाही त्याचाच एक प्रस्ताव.

सव्वादहाला त्याने दुसऱ्यांदा फोन लावला. या वेळी उठून दारापर्यंत गेला, वायर पुरेल तेवढा. कप्प्यातल्या मोबाइलची काच उजळली होती. तिच्यावर फुलफॉर्मचे नाव आले. टोपणनाव नव्हे. त्याचे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, आणि जागा पुरेना म्हणून पुढे सरकत जाणारी अक्षरे: परमिट क्लार्क, वरचा मजला, माझा मित्र. ती ओळ एकदा पूर्ण सरकली, परत सुरू झाली, आणि अर्ध्यावर असताना रिंग थांबली.

दुसरा प्रयत्न, १०.१५, उत्तर नाही.

परवा दुसऱ्या वेळी बावीस वर आला तेव्हा दारात थोडा थांबला होता. फॉर्मवर लिहिले होते 'पी-३'. फुलफॉर्मने पेनाच्या टोकाने 'पी'च्या पुढची मोकळी जागा दाखवली होती.

"शून्य राहिलं का?" बावीस म्हणाला. "दे, इथंच लिहितो."

"खाडाखोड चालत नाही."

"खाडाखोड नाही रे, शून्य आहे. नुसतं गोल."

"नवीन फॉर्म."

बावीस दाराच्या चौकटीला टेकला होता. "फुलफॉर्म, आज जरा दम लागतोय रे. इथंच करू ना."

आणि फुलफॉर्म चष्मा पुसत म्हणाला होता, "मग सावकाश ये."

साडेदहा वाजायला आले तरी त्याने तिसरा फोन लावला नाही. दहा पंचवीसची वेळ टळून गेली. एकतीस वर्षांत प्रथमच परमिट ऑफिसात एक ठरलेली गोष्ट ठरलेल्या वेळी झाली नाही, आणि त्याने कोणाचे काही बिघडले नाही. त्याने कप्प्यातला मोबाइल घेतला, फॉर्मची घडी करून खिशात घातली आणि जिना उतरला. खाली धाकटे साहेब भेटले.

"काका, झालं?"

"किल्ली आणायला चाललोय."

"किल्ली कुठे आहे?"

"त्याच्या खिशात होती."

बावीसचे घर वीस मिनिटांच्या अंतरावर होते. दाराशी चपलांचा ढीग होता, आणि आत शेजाऱ्यांकडून आणलेल्या वेगवेगळ्या उंचीच्या खुर्च्यांवर माणसे बसली होती. फुलफॉर्मला पाहून बावीसची बायको उठली आणि त्याला आतल्या खोलीत घेऊन गेली. खिडकीत बावीसचे धुतलेले कामाचे कपडे वाळत होते. बायकोने ते कालच धुतले असावेत.

"बसा, भाऊजी."

त्याने मोबाइल पुढे केला. "वर राहिला होता."

तिने तो घेतला आणि अंगठ्याने काच पुसली. "मी लावत होते. हॉस्पिटलातनं आल्यापासून, रात्री-रात्री. कुठे आहे ते कळेना. पण वाजत होता. वाजतोय तोवर बरं वाटायचं." मग तिने काचेवर पाहिले. "तुम्हीपण लावलात? आज?"

"फॉर्मसाठी," तो म्हणाला.

तिने मान हलवली. तिला ते पटलेले दिसले. नवऱ्याकडून तिने एकतीस वर्षे या माणसाच्या फॉर्मबद्दल ऐकले होते.

"वहिनी, मला एक सांगायचंय." तो खुर्चीच्या अगदी कडेवर आला. "परवा मी त्याला परत पाठवला. दोनदा. तीनदा जिना चढायला लावला."

"कशासाठी?"

"फॉर्मवर चूक होती."

"काय चूक?"

एकतीस वर्षांत त्याला कोणी हा प्रश्न इतक्या साधेपणाने विचारला नव्हता. त्याने घसा साफ केला. "पहिल्यांदा कोड लिहिला नव्हता. दुसऱ्यांदा शून्य राहिलं होतं."

"त्या शून्यानं काय झालं असतं?"

"काही नाही," तो म्हणाला. "पूर्वी झालं असतं. आता काही नाही."

बाहेरच्या खोलीत कोणीतरी खुर्ची सरकवली.

"पायऱ्या किती तुमच्याकडे?"

"सेहेचाळीस."

"सेहेचाळीस," ती म्हणाली.

"तो म्हणाला होता, दम लागतोय. मी सावकाश ये म्हटलं."

आता मात्र तिने चटकन वर पाहिले. फुलफॉर्म सगळ्याला तयार होऊन आला होता. ती ओरडेल, बाहेरच्या माणसांना आत बोलावेल, घरातून जा म्हणेल. वाटेत येताना त्याने या सगळ्याला मनात हो म्हणून टाकले होते.

"दम लागतोय म्हणाले? तुम्हाला?"

"हो."

"मला नाही म्हणाले," ती म्हणाली. "सकाळी निघताना विचारलं मी, चेहरा असा का उतरलाय. तर म्हणाले, काही नाही, झोप झाली नाही. महिनाभर हेच. झोप झाली नाही." तिने मोबाइल मांडीवर पालथा ठेवला. "तुम्हाला सांगितलं त्यांनी, भाऊजी. निदान तुम्हाला तरी सांगितलं. आणि तुम्ही..."

वाक्य तिने पुरे केले नाही. फुलफॉर्मने आयुष्यभर अर्धवट शब्दांचे पूर्ण अर्थ सांगितले होते. हे वाक्य त्यानेही तसेच राहू दिले.

तो म्हणाला, "किल्ली हवी होती. नाहीतर कुलूप कापतील."

तिने कपाटातून हॉस्पिटलने दिलेली पिशवी काढली. रुमाल, चष्मा, बावीसचा पाना, आणि लाल दोऱ्यात एक छोटी किल्ली. फुलफॉर्मने हात पुढे केला. तिने किल्ली त्याच्या हातावर ठेवली नाही.

"नियम काय आहे तुमचा? हे सांगायचे नेहमी. कुणाला काढता येतं?"

"ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं."

"मग मी येते," ती म्हणाली आणि पायांत चपला घालू लागली.

पंपघरात धाकटे साहेब कटर घेऊन उभेच होते. बावीसच्या बायकोला पाहून त्यांनी कटर पाठीमागे लपवला, पण तो त्यांच्यापेक्षा फारसा लहान नसल्यामुळे दोन्ही बाजूंनी दिसत राहिला. बाहेरच्या माणसाला पंपघरात आणायचे तर व्हीपी नावाचा पास लागतो. फुलफॉर्मने तो केला नव्हता. ठरलेली पण न झालेली ही आजची दुसरी गोष्ट.

स्विचच्या हँडलला लाल कुलूप होते आणि त्यात अडकवलेली पाटी. बायकोने पाटी हातात घेतली. पुढे लिहिले होते: 'पी-०३. एमडब्ल्यू.' त्यातले शून्य बाकीच्या अक्षरांच्या दुप्पट मोठे होते, चारदा गिरवलेले, वर दोन डोळे आणि एक हसरे तोंड काढलेले. तिसऱ्यांदा वर येऊन, परमिट घेऊन, खाली उतरल्यावर बावीसने ते काढले असणार. फुलफॉर्मला दिसावे म्हणून. काम झाल्यावर पाटी परमिटसोबत वर जमा होते.

"हे काय?" तिने विचारले.

"ते मला उद्देशून आहे," फुलफॉर्म म्हणाला.

तिने पाटी उलटली. मागे बावीसच्या सरळ, मोठ्या अक्षरांत लिहिले होते: मी आत आहे. मी बाहेर येईपर्यंत चालू करू नका.

तिने ते ओठ हलवत वाचले. मग पुन्हा वाचले. मग तिने किल्ली घातली. पहिल्या वेळी फिरली नाही, तिने ती दोन्ही हातांनी फिरवली. कुलूप उघडले.

स्टेशनात आणखी एक जुनी रीत होती. ती कुठल्याही यादीत नव्हती आणि तिला लघुरूपही नव्हते. पंप सुरू करण्याआधी स्विचवरच्या माणसाने ओरडून विचारायचे, आणि कुलूप काढणाऱ्याने तसेच ओरडून उत्तर द्यायचे. बावीसचे उत्तर बाकीचे पंप चालू असतानासुद्धा वर परमिट ऑफिसात ऐकू यायचे. ते ऐकले की फुलफॉर्म नोंदवहीत वेळ लिहायचा.

धाकटे साहेब स्विचपाशी गेले. सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेले, "पी-०३! सगळे बाहेर?"

ओरडल्यावर त्यांचे त्यांनाच कळले आणि ते कानापर्यंत लाल झाले. दोन नंबरचा पंप चालू होता, त्याचा आवाज तेवढा होता. हँडलवरचा हात काढावा की ठेवावा हे त्यांना समजेना.

बावीसची बायको फुलफॉर्मकडे वळली. "काय म्हणायचं असतं?"

त्याने नुसते दाराकडे बोट केले, उन्हाकडे. तिला कळले.

"बाहेर," ती म्हणाली. ओरडली नाही. तरी धाकट्या साहेबांना ऐकू गेले.

पंप सुरू झाला. आधी गुरगुरला, मग नेहमीचा एकसारखा आवाज लागला. ती थोडा वेळ ते ऐकत उभी राहिली.

"ही मी नेऊ?" तिने पाटी दाखवली.

पाटी फॉर्मला जोडून पाच वर्षे जपून ठेवायची असते. "न्या," फुलफॉर्म म्हणाला.

कुलूप तिने त्याला दिले. किल्लीही दिली. पाना मात्र तिने आणलाच नव्हता.

ती गेल्यावर तो जिना चढून वर आला, खुर्चीत बसला, आणि खिशातल्या फॉर्मची घडी उलगडली. कारणाचा रकाना दोन अक्षरांपुरता होता. त्याने लिहायला सुरुवात केली ती रकान्यात, पण वाक्य लगेच रेघ ओलांडून समासात गेले, आणि तिथून कागदाच्या कडेने वळून खाली उतरले. 'कुलूपधारक मरण पावला आहे. दम लागतो असे त्याने मला सांगितले होते. मी त्याला पुन्हा खाली पाठवले.' खाली सही केली, पूर्ण नावाची, आणि फॉर्म वरच्या कार्यालयाकडे धाडला.

आठ दिवसांनी फॉर्म परत आला. सोबत चिठ्ठी होती: कारण कोड अमान्य. पाटी जोडलेली नाही. नवीन फॉर्मवर पुन्हा सादर करावे.

फुलफॉर्म उठला. कोरे फॉर्म आता वर ठेवायचे, असे धाकट्या साहेबांनी त्याच आठवड्यात ठरवून टाकले होते. गठ्ठा त्याच्या टेबलावर, अगदी हाताशी होता. तो त्याला न शिवता दाराबाहेर पडला, सेहेचाळीस पायऱ्या उतरला, स्टोअरच्या खिडकीतून एक फॉर्म मागून घेतला आणि परत चढला. तेच वाक्य, त्याच शब्दांत, सबंध लिहिले.

तोही परत आला. तो पुन्हा उतरला.

आतापर्यंत सहा वेळा झाले आहे. वरच्या कार्यालयाला कोड हवा आहे, आणि फुलफॉर्मला तो सापडत नाही असे नाही. एनआर लिहिला तर प्रकरण मिटते. हे धाकट्या साहेबांनीही त्याला दोनदा समजावले. तो ऐकून घेतो, मान हलवतो, आणि जिन्याकडे जातो.

चढताना तो तिसाव्या पायरीवर थांबतो. तिथे भिंतीवर खांद्याच्या उंचीला एक तेलकट डाग आहे, कोणीतरी नेहमी हात टेकून उभे राहिल्याचा. डागाला तीनच बोटे आहेत. फुलफॉर्म कोरा फॉर्म दुसऱ्या हातात घेतो, तिथे हात टेकतो, आणि श्वास परत येईपर्यंत उभा राहतो.